देवाचे एकच चित्र पुरेसे नाही

महोदय,

बायबलमधल्या देवाविषयी बोलताना दोन टोके सतत आढळतात. काहीजण ‘परमेश्वराचा हात’, ‘परमेश्वराचे पंख’ ही वर्णने शब्दशः घेतात, तर काहीजण त्यांना काव्याची सजावट समजून पुढे जातात. दोन्हीकडे श्रद्धावंताचेच नुकसान होते. होरेब डोंगरापाशी इस्राएली लोकांनी देवाचा आवाज ऐकला पण आकार पाहिला नाही, म्हणून कोणतीही मूर्ती घडवू नका, असे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 4था अध्याय बजावतो. तेच पुस्तक 32व्या अध्यायात देवाला खडक म्हणते, पिलांवर घिरट्या घालणारा गरुड म्हणते, जन्म देणारा म्हणते. घडवायला बंदी आणि सांगायला मोकळीक, यात विसंगती नाही. मूर्ती एकाच रूपात थांबते. शब्दातल्या चित्राला पुढच्याच ओळीतले दुसरे चित्र दुरुस्त करू शकते.

यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 40वा अध्याय याचे उत्तम उदाहरण आहे. 11व्या वचनात देव कोकरांना कवेत घेऊन चालतो. लगेच 12व्या वचनात तो समुद्राचे पाणी ओंजळीने मोजतो. आणि 18व्या वचनात संदेष्टाच विचारतो, की देवाची तुलना तुम्ही कोणाशी करणार? उपमा देणारा स्वतःच उपमेची मर्यादा सांगतो. 1215 साली रोममध्ये भरलेल्या लॅटरन या चर्चच्या परिषदेने हेच सूत्ररूपात मांडले: निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवा, त्याहून मोठा भेद शिल्लक राहतोच.

मग प्रतिमा वाचायची कशी? आपल्याला काय वाटते हे नंतर. आधी ती वस्तू त्या काळी काय काम करीत होती ते पाहावे. मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकात (अध्याय 3, वचने 2-3) देव चांदी गाळणाऱ्यासारखा बसतो. प्राचीन काळी चांदी बहुतेक शिशाच्या खनिजातून मिळे. उथळ, सच्छिद्र भांड्यात धातू वितळवून त्यावर भात्याने वारा घालत. शिसे हवेशी संयोग पावून वेगळे होई, जाताना बाकीचे हलक्या प्रतीचे धातू सोबत नेई, आणि तळाशी चांदी उरे. चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे आच कमी पडली की काम अडते. लक्ष ढळले तरी ते बिघडते. मलाखीचा कारागीर ‘बसतो’ यात ही सगळी दक्षता आहे. यिर्मया 6:29-30 मध्ये हीच क्रिया फसलेली दिसते: भाता जोरात फुंकला, शिसे संपले, तरी मळ सुटला नाही, म्हणून लोकांना ‘टाकाऊ चांदी’ हे नाव मिळाले. म्हणजे आगीत घातलेली प्रत्येक वस्तू शुद्ध होऊन निघतेच, असे बायबल सांगत नाही.

गाळणाऱ्याला चांदीत आपला चेहरा दिसला की काम झाले, हा प्रवचनांतला लाडका दाखला मलाखीत कुठेच नाही. तिथे जे आहे ते जास्त बोचरे आहे: भट्टीत जातात ते लेवीचे पुत्र, म्हणजे याजक, आणि तेही त्यांची अर्पणे नीतीने व्हावीत म्हणून. हे वचन उचलून मूल गमावलेल्या आईला ‘देव तुला शुद्ध करतो आहे’ असे सांगणे हा क्रूरपणा आहे, आणि वचनाचा तो अर्थही नव्हे.

पित्याची प्रतिमाही अशीच जपून हाताळावी लागते. ज्यांनी घरात मारच खाल्ला, त्यांच्यापुढे नुसता ‘पिता’ हा शब्द ठेवून भागत नाही. बायबलला हे ठाऊक आहे. यशया 49:15 विचारते, आई तान्ह्याला विसरेल काय? आणि पुढे कबूल करते, की एखादी विसरेलही, पण मी विसरणार नाही. त्याच ग्रंथात 42:13 मध्ये देव योद्धा आहे, तर 14व्या वचनात प्रसूतीच्या वेणांनी ओरडणारी स्त्री. ही दोन वचने लागोपाठ आहेत. दुसरे गाळून पहिलेच शिकवले, तर श्रोत्यांना अर्धाच देव भेटतो.

एक चूक फार सर्रास होते: प्रतिमेचा प्रत्येक धागा ताणणे. स्तोत्र 23 मध्ये मेंढपाळाचे चित्र 4थ्या वचनापर्यंतच स्पष्ट आहे. 5व्यात मेज, तेल आणि प्याला येतात, म्हणजे देव आता पाहुण्याचा सत्कार करणारा यजमान झाला आहे. ते मेज ओढूनताणून कुरणात नेण्याची गरज नाही. लूक 18 मध्ये येशूने सांगितलेल्या दाखल्यातला अन्यायी न्यायाधीश तर देवासारखा नाहीच. असला माणूसही विधवेचे अखेर ऐकतो, मग देव का ऐकणार नाही, असा तो युक्तिवाद आहे.

होशेय 5:12 मध्ये देव स्वतःला कसर आणि कुजीची उपमा देतो, तेव्हा अनेकजण चपापतात. 13व्या शतकातले ख्रिस्ती धर्मतत्त्ववेत्ते थॉमस अक्वायनस यांनी याचे मार्मिक कारण दिले: क्षुद्र वस्तूंच्या उपमा अधिक सुरक्षित, कारण त्यांनाच कोणी देव समजण्याची भीती नसते. ‘राजा’ किंवा ‘प्रकाश’ यांच्या बाबतीत ती भीती खरी आहे.

अभ्यासवर्ग घेणाऱ्यांना विनंती, की मुलांना कोकरू खांद्यावर घेतलेल्या मेंढपाळाचे चित्र जरूर द्यावे, पण सोबत यहेज्केल 34 वाचावा. तिथे हाच मेंढपाळ दांडग्या मेंढरांचा न्याय करतो. मोठ्यांनी होशेयचे 14 अध्याय एका बैठकीत वाचावेत. 5व्या अध्यायातला सिंह फाडतो, 11व्यातला गर्जना करतो तेव्हा लेकरे थरथरत घरी परततात, 13व्यात पिले हिरावलेली अस्वल येते आणि 14व्यात दहिवर व सदा हिरवे झाड. प्रत्येक ठिकाणी बोलतो कोण, कोणाशी, आणि त्यांनी त्याआधी काय केले आहे, हे समासात लिहीत जावे.

– एक वाचक