पद्मिनीच्या दिव्यांविषयी

पुणे,
१२ जानेवारी २०२५

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या जुन्या फियाट पद्मिनीच्या हेडलाइटला एलईडी बल्ब मागवतोयस असं कळलं, म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. कृपा कर, मागवू नकोस. दिवाळीत साताऱ्याला आलो होतो तेव्हा आपण मीटर लावून पाहिलं होतं, आठवतंय? हेडलाइट चालू असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवर जेमतेम ११. बाकीचं वाटेतच जिरतंय. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी पडलं की उजेड तीसेक टक्क्यांनी घटतो. तुझा बल्ब चांगला आहे रे, त्याच्यापर्यंत करंटच धड पोचत नाही.

शिवाय रिफ्लेक्टरचा वाडगा फिलामेंट नेमकं कुठे असणार हे धरून घडवलेला असतो. त्यात एलईडी बसवलास की झोत फुटतो. रात्री समोरच्याचे डोळे दिपतील आणि तुला खड्डा दिसणार नाही.

सुरुवात अर्थिंगपासून कर. डाव्या दिव्यामागची काळी तार बघ. कुणीतरी गाडी रंगवल्यावर स्क्रू थेट रंगावरच आवळलाय, आणि थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) हिरवं कळंकलंय. तिथला रंग पत्रा चकाकेपर्यंत खरवड, तार मागे कापून तांबं लाल दिसेल तिथे नवं थिंबल दाब, आवळ आणि वरून व्हॅसलीन लाव. दोन्ही बाजूंना. मग फ्यूज: ते टोकदार, चिनी मातीचे. त्यांच्या पितळी पकडी काळ्या पडल्यात, बारीक पॉलिश पेपरने घासून काढ. एवढ्यावरच मीटरचा आकडा वर चढेल.

उरलेलं काम रिलेचं, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचं. आज हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या त्या म्हाताऱ्या स्विचमधून फिरून जातो. लांबच्या झोताला आणि डिप्परला एकेक रिले लाव, बॅटरीपासून रिलेपर्यंत अडीच एमएमची तार ओढ, आणि बॅटरीच्या जवळच तिला फ्यूज दे. मूळ हार्नेस (तारांचा जुडगा) कापू नकोस, पुढेमागे कुणाला गाडी जशीच्या तशी करायची झाली तर करता यावी. एवढं केलंस की त्याच तीन कानांच्या होल्डरमध्ये बसणारा हॅलोजन खुशाल घाल.

उजव्या रिफ्लेक्टरचा पारा उडालाय. क्रोमवाला म्हणेल, 'आणा, चकाचक करून देतो.' देऊ नकोस. क्रोम दिसायला झळझळीत, पण प्रकाश जेमतेम ६०-६५ टक्के परत फेकतो. चांदी किंवा ॲल्युमिनियम नव्वदीच्या पुढेमागे. व्हॅक्युम मेटलायझिंग (निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवणं) करणाऱ्याकडेच दे. आणि आतून फडक्याने पुसायचा मोह आवर, राहिलेला थरही निघून येतो.

काचेचं मात्र मनावर घे. इटलीहून जुन्या फियाटची काच मागवायचं तुझ्या डोक्यात आहे. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे तिकडच्या डिप्परच्या काचेवरच्या रेघा झोत उजवीकडे वर उचलतात. आपल्याकडे तो थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. काच इथलीच हवी.

ती मिळेल, पण आता शोधावी लागते. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघणं थांबून पाव शतक होत आलं. तरी मुंबईच्या टॅक्स्यांमुळे दुकानदार माल ठेवत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या आणि तो आधारही सुटला. मला त्याचं फार वाईट वाटतं. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या जुन्या दुकानांत वरच्या माळ्यावर अजून न उघडलेली खोकी असतात. 'पद्मिनीचा दिवा' म्हणून मागू नकोस, काढलेला तुकडा हातात घेऊन जा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला भंगारातला माल मिळतो. तिथे काचेआधी रिम (काचेभोवतीची कडी) बघ, कारण नव्या डुप्लिकेट रिमचा पत्रा पातळ असतो आणि स्क्रू आवळताच वाकतो. पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार मी बघतो.

मागच्या दिव्याची लाल काच टाकू नकोस. नुसती धुरकटलीय. दोन हजार नंबरच्या पेपरने पाण्यात घासून ब्रासो मार, उजळेल. तडा असेल तरच नवी शोधू. तिचे आतून-बाहेरून फोटो आणि दोन स्क्रूंमधलं अंतर मोजून पाठव. बुधवारी बाजारात जाणार आहे, त्याआधी मिळालं तर बरं.

वहिनींना नमस्कार, चिमीला आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत