तहकूब सभेवर चालणारी सोसायटी

महोदय,

30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची म्हणून आता गृहनिर्माण संस्थांच्या जिन्याखाली नोटिसा लागू लागतील. प्रत्येक नोटिशीच्या तळाशी एक ठरलेले वाक्य असते : 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.' नाशिकरोडला 1988 साली बांधलेली आमची 24 फ्लॅटची इमारत कित्येक वर्षे या एका वाक्यावर चालली. गणपूर्ती म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी : दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी कमी असतील तेवढे सभासद लागतात. म्हणजे आमच्याकडे 16. यायचे पाच-सहा. पार्किंगमध्ये अर्धा तास बसायचे, इतिवृत्त वाचायचे, 'मंजूर' म्हणायचे आणि चहा घेऊन घरी जायचे.

दोन वर्षांपूर्वी गच्चीवरच्या टाकीखालचा गिलावा भर दुपारी जिन्यात कोसळला. वर पाहिले तर गज उघडे पडलेले, गंजाचे पापुद्रे हाताने निघत होते. दुरुस्तीला पैसे नव्हते. बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचा निधी) दरवर्षी जमवावा, असे उपविधी, म्हणजे संस्थेचे नियम, सांगतात. पण पाच जणांच्या सभेत मेंटेनन्स वाढवायचा वाईटपणा घेणार कोण? 30 वर्षांवरील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे तज्ज्ञांकडून मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी व्हायला हवे; आमचे पहिले ऑडिट इमारतीने पस्तिशी ओलांडल्यावर झाले. कमिटीला दोष देणे सोपे आहे. पण त्या काळात मी स्वतः एकाही सभेला गेलो नव्हतो, हे मला सांगितले पाहिजे.

बदल घडवला तो आमच्या सेक्रेटरी ताईंनी. त्यांनी लिफ्टच्या विजेपासून सफाईवाल्या मावशींच्या पगारापर्यंतचा खर्च दरमहा फळ्यावर लावायला सुरुवात केली आणि 'कमिटी पैसे खाते' ही कुजबुज तीन महिन्यांत थांबली. सभा रविवारी सकाळी ठेवली. पुण्याला राहणाऱ्या फ्लॅटमालकांना त्यांनी स्वतः फोन केले. भाडेकरूंना मत नसले तरी बसायला व बोलायला बोलावले. जिन्यात उभ्या राहून ऐकणाऱ्या बायकांना खुर्च्या दिल्या. पाणी किती वाजता येते, कुठे गळते, हे त्यांनाच ठाऊक असते. सभासदाची लेखी संमती असेल तर सहयोगी सभासदाला (सभासदाच्या शिफारशीने नोंदलेल्या पती-पत्नीसारख्या नातेवाइकाला) मतही देता येते, हे आमच्यापैकी निम्म्यांना त्या दिवशी कळले. हजेरीपटावर 17 सह्या झाल्या. तीन तास भांडणे झाली, पण प्रत्येकी 22 हजार काढायचे ठरले. पेन्शनवर भागवणाऱ्या दोन घरांना सहा हप्ते दिले आणि त्यावर कोणीही कुरकुर केली नाही.

सिडको, सातपूर, पंचवटी, जेलरोड या भागांत आमच्यासारख्या कितीतरी छोट्या, जुन्या सोसायट्या आहेत. 250 पर्यंत सभासद असलेल्या संस्थांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मुभा कायद्याने दिली आहे, पण ती कशी घ्यायची हे समजावणारे कोणी नसते. म्हणून सहकार खात्याला माझी कळकळीची विनंती आहे : महापालिकेच्या सहाही विभागीय कार्यालयांत, वार्षिक सभांच्या आधी, एखाद्या रविवारी मार्गदर्शन शिबिर घ्यावे. त्यात हिशेब, निधी, ऑडिट आणि निवडणूक एवढेच विषय असावेत, ते साध्या मराठीत सांगावेत आणि केवळ पदाधिकाऱ्यांना नव्हे, तर सर्व सभासदांना व भाडेकरूंनाही बोलवावे.

– एक सभासद, नाशिकरोड