तळातलं जुनं फिटिंग निघालं, मनापासून आभार

आमच्या शिडाच्या बोटीच्या तळाला वेगमापकाचं आणि खोली मोजणाऱ्या सेन्सरचं अशी दोन जुनी फिटिंग्ज होती. यंत्रं केव्हाच बंद पडलेली, पाण्याखालची भोकं मात्र कायम. बोट पाण्याबाहेर घेतली तेव्हा दोन्ही काढली, ती अनेकांच्या मदतीमुळे.

“आधी हातोडा उचलू नका,” असं बजावणाऱ्या काकांचे विशेष आभार. आतला नट पॉलियुरेथेन सीलंटनं (फटी बुजवणाऱ्या चिकट लुकणानं) असा धरून ठेवला होता की पान्याला दादच देईना. त्याला समोरासमोर दोन उभ्या चिरा पाडा आणि छिन्नीनं फोडा, ही युक्ती त्यांचीच. दुसऱ्या फिटिंगची बाहेरची कड ग्राइंडरनं घासून काढली, मग ते आतल्या बाजूला ठोकून सुटलं. हीट गन हात राखूनच वापरली. सीलंट मऊ पडतं हे खरं, पण अति तापवलं तर तळाचे थर धरून ठेवणारं रेझिनही बिघडतं. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या अगदी तळाच्या पोकळीत, आडवं पडून टॉर्च धरणाऱ्या ताई, तुमच्या मानेची माफी!

भोक नुसतं लांबी (पुट्टी) भरून बुजवू नका, हे सांगणाऱ्यांचेही आभार. कड 12 ला 1 अशी उतरती घासायची, म्हणजे 1 सेंटीमीटर जाडीला चहूबाजूंनी 12 सेंटीमीटर, आणि इपॉक्सीत भिजवलेले काचकापडाचे थर चढवायचे. कटकटीचं काम, पण पाण्याखाली दुसरा पर्याय मला पटत नाही.

आणि हो, धूळ पाहून स्वतःचा मास्क माझ्या हातात कोंबून गेलात ते कोण? तो धुऊन ठेवलाय, घेऊन जा.