बाथरूमची कडी

प्रिय आई, बाबा,

फोनवर हे बोलायला घेतलं की आई रडते आणि बाबा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात, म्हणून लिहून पाठवून राहिली. चष्मा लावा आणि दोघंही वाचा, एकानं वाचून दुसऱ्याला सांगायचं नाही.

परवा आई म्हणाली की बाबा बाथरूममध्ये घसरले, लागलं नाही पण आतून कडी होती आणि दहा मिनिटं दार उघडता येईना, म्हणून आता सुताराला बोलावून ती कडीच काढून टाकते, आणि तेव्हापासून बाबा बोलत नाहीत. मला आधी हसू आलं, मग पोटात कसंतरी झालं. महालातल्या आपल्या घरात ह्याच दाराची कडी एकदा आधीही निघाली आहे. 2004, मी पंधरा वर्षांची, पायाचं कॅलिपर काढून भिंतीला धरून बादलीकडे वळताना पडली आणि बाबांनी त्याच संध्याकाळी पेचकस आणला. मी घर सोडल्यावर तुम्ही नवी लावली ती वीतभर वर. जुनी भोकं अजून आहेत, बघा, रंगाखाली बुजलेली आहेत.

आमच्या बिल्डिंगमध्ये खाली एक पोरगी राहते, सतरा वर्षांची. तिलाही माझ्यासारखीच सेरेब्रल पाल्सी, पण ती व्हीलचेअरवर. तिची आई मागच्या आठवड्यात फाइल घेऊन आली, कोणीतरी सांगितलं म्हणे की अठरा झाल्यावर आईवडिलांनी गार्डियनशिप, म्हणजे कायदेशीर पालकत्व, घेतली नाही तर पुढं सगळंच अडेल. मी म्हटलं ताई, 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात सेरेब्रल पाल्सी येते, अर्ज कलेक्टरच्या कमिटीपुढे करता येतो हे खरं, पण गार्डियनची गरज आहे का आणि कशाकशासाठी आहे ते आधी कमिटीनं पाहायचं असतं, आणि त्या कमिटीवर एक अपंग माणूसही असावाच लागतो. तुमच्या पोरीचे पाय चालत नाहीत, सही चालते ना? पोरगी बाजूलाच बसून मोबाइलवर बोट फिरवत होती. सगळं ऐकत होती, आपण नाही का अशा वेळी झोपल्याचं सोंग करतो तशी.

तिची आई चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी पोरीला विचारलं, मोठी झाल्यावर कसं राहायचं आहे तुला? तर म्हणे हे मला कोणी विचारतच नाही, मला फक्त फिजिओ चालू आहे का विचारतात, पुढं काय ते आईला विचारतात. मग बापा, सुरूच झाली. एटीएमचा पिन कोणालाच सांगायचा नाही. आपल्या पगारातून आपणच बाई ठेवायची, म्हणजे तिला रागवायचं की नाही तेही आपणच ठरवायचं. मेट्रोनं बर्डीवर बाजारात जायचं, स्टेशनवर लिफ्ट आहे पण घरापासून स्टेशनपर्यंत फुटपाथ आहे कुठं? लग्नाचं विचारलं तर लाजली. एकटी राहायचं तिच्या डोक्यातच नाही, तिला फक्त कुठं चालली ते सांगायचं की नाही हे तिच्या मनावर हवंय. आणि मग एकदम हळू आवाजात, आईची कंबर गेली तर मला उचलेल कोण.

तुम्हाला वाटायचं ना की पोरांना हे सुचत नाही? सुचतं. मला तर कूलरच्या आवाजात रात्र रात्र सुचायचं. बाबा, शाळेचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता, खाली आणा म्हणून तुम्ही दोनदा अर्ज दिला, काही झालं नाही, मग दहावी होईपर्यंत तुम्ही मला पाठीवर नेलं. तुमची कंबर तेव्हापासून दुखते. आपण त्यावर कधी बोलत नाही, आज लिहिलं, बस.

त्या पोरीला मी एड रॉबर्ट्सची गोष्ट सांगितली, अमेरिकेतला. चौदाव्या वर्षी, 1953 मध्ये पोलिओ झाला आणि मानेखाली जवळजवळ काहीच हलेना, रात्री लोखंडी फुप्फुसाच्या, म्हणजे श्वास देणाऱ्या मशीनच्या, पिंपात झोपायचा. त्याला शाळा पास करेना कारण पीटी आणि ड्रायव्हिंगचा क्लास झाला नव्हता! आईनं भांडून सर्टिफिकेट घेतलं. 1962 मध्ये तो बर्कलेच्या विद्यापीठात शिरला, पगारी मदतनीस ठेवून राहिला आणि 1972 मध्ये त्यानं आणि मित्रांनी अपंग लोकांनीच चालवलेलं सेंटर काढलं, दुसऱ्यांना असं राहता यावं म्हणून. पोरगी पीटीवर खूप हसली. मलाही पीटीला भोपळाच होता.

तुम्ही नेहमी म्हणायचे, आमच्या मागे हिचं कसं होईल. मावशीनं तर आश्रमाचा पत्तासुद्धा आणला होता. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात लिहिलं आहे की अपंग माणसाला समाजात राहायचा हक्क आहे, अमुकच जागी राहा अशी सक्ती नाही. पण पंधराव्या वर्षी मला तुमच्या मागचं काय करायचं होतं, मला तुमच्या समोरच आतून कडी लावायची होती. आंघोळ करताना आई टॉवेल घेऊन दाराशी उभी, मी गाणंसुद्धा म्हटलं नाही कधी.

आता माझ्याकडे सकाळी बाई येते, पोळ्या करते, फरशी पुसते. मे महिन्यात 45 च्या वर गेलं की प्लास्टिकच्या ब्रेसच्या आत घामानं पाय सोलून निघतात, त्या दिवशी साइड व्हीलची गाडी काढत नाही, ऑटोवाल्याला फोन करते. आई, तू आली की बाईला सुट्टी देऊन टाकते आणि सगळं स्वतः करते, जशी काही बाई ठेवणं म्हणजे माझं नापास होणंच. नको देत जाऊ. तिचे पैसे मी देते.

तर कडीचं. बाहेरून नाणं घालून फिरवलं की उघडतं असं लॉक मिळतं, माझ्याकडे तेच आहे. सुताराला नाही म्हणून सांग. रविवारी मी माणूस घेऊन येते, कमोडजवळ आणि नळाजवळ एकेक दांडाही लावून घेऊ. उंची किती ते बाबा स्वतः तिथं उभे राहून सांगतील, आई तू मध्ये बोलायचं नाही. जुनी भोकं तशीच राहू द्या. आणि बाबा, काठीच्या खालचं रबर उलटं करून बघा, घासलं असेल तर काठीच घसरते, माझ्याकडे दोन जास्तीचे आहेत, येताना आणते.

तुमची,
बेबी