डॉक्टरसाहेब, असे किती केले?

संपादक महोदय,

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत "स्वादुपिंडाची गाठ दुर्बिणीतून काढली, पेशंट पाचव्या दिवशी घरी" अशी बातमी आली. खाली हॉस्पिटलचा फोन नंबर पण होता, म्हणजे बातमी कमी अन् जाहिरात जास्त. पेशंट वाचला, आनंदच आहे. पण ते कात्रण आमच्या तालुक्यातल्या सगळ्या व्हॉट्सअप ग्रुपवर फिरून राहिलंय, अन् मागच्या साली आमच्या घरी हेच सगळं होऊन गेलं म्हणून लिहितो.

पोळा झाला तसे माझ्या मोठेबाबांचे डोळे पिवळे झाले. पोट दुखत नव्हतं, ताप नव्हता, फक्त अंगाला खाज अन् लघवी गर्द पिवळी. गावात कावीळ म्हटलं की आधी माळ घालतात, नाकात औषध टाकतात, तसंच झालं, त्यात वीस दिवस गेले. मग यवतमाळला सोनोग्राफी, नागपूरला सीटी स्कॅन, तेव्हा कळलं की पित्ताची नळी जिथं आतड्यात उघडते तिथंच गाठ आहे. (न दुखणारी कावीळ अन् सोबत वजन उतरत असेल तर माळ नका घालू बाप्पा, आधी सोनोग्राफी करा.)

एका ठिकाणी सांगितलं दुर्बिणीनं करू, लहान भोकं, लवकर सुट्टी. आमचा दादा एकदम तयार, कारण सोयाबीनची सोंगणी तोंडावर, मागून कापूस, अन् शेजारच्या काकूंचे पित्ताशयाचे खडे दुर्बिणीनं काढले तर त्या तिसऱ्या दिवशी भाकरी थापत होत्या. इथंच आपली गल्लत होते. खड्याच्या ऑपरेशनमध्ये एक पिशवी कापून बाहेर काढतात, संपलं. इथं स्वादुपिंडाचं डोकं (म्हणजे आतड्याला चिकटलेला जाड भाग), लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनळीचा शेवट, कधी जठराचा तुकडा पण, हे सगळं काढतात अन् मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनळी अन् जठर असे तीन जोड आतड्याला शिवतात. यालाच व्हिपल म्हणतात. स्वादुपिंडाचा जोड लोण्यावर टाके घातल्यासारखा, तो गळला तर अन्न पचवणारा रस पोटातच सांडतो अन् रक्ताच्या नळ्या खातो. माणूस जातो तो या गळतीनं, इन्फेक्शननं, रक्तस्रावानं. वरचा चिरा वीतभर होता का बोटभर, याचा त्याच्याशी फार संबंध नाही.

दुर्बीण वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. आपल्याच देशात कोइम्बतूरला 64 पेशंटांवर तुलना झाली, 2017 मध्ये छापून आली, त्यात दुर्बीणवाले साधारण 7 दिवसांत घरी गेले अन् ओपनवाले, म्हणजे पोट उघडून केलेले, 13. मग हॉलंडमध्ये चार हॉस्पिटलांनी तशीच तुलना सुरू केली तर ती अर्ध्यातच थांबवावी लागली, कारण 90 दिवसांत ऑपरेशनच्या त्रासानं दुर्बिणीकडचे 50 पैकी 5 दगावले अन् ओपनकडचे 49 पैकी 1. आकडा लहान आहे, योगायोगही असू शकतो, पण ते सर्जन काही नवशिके नव्हते, प्रत्येकानं आधी अशी वीसेक तरी केलेली होती. मग 2021 मध्ये चीनचा मोठा अभ्यास आला, 14 हॉस्पिटलं, 656 पेशंट, तिथं मृत्यू दोन्हीकडं सारखेच, शंभरात दोनच्या आसपास, अन् फायदा किती तर 15 दिवस विरुद्ध 16. आता गंमत अशी की तिथं घेतलेल्या प्रत्येक सर्जननं आधी निदान 104 दुर्बीण-व्हिपल केलेली होती. एवढा हात बसल्यावर बरोबरी झाली, अन् वाचला एक दिवस!

गाठ स्वादुपिंडाच्या शेपटाकडची, म्हणजे दुसऱ्या निमुळत्या टोकाची असेल तर गोष्ट वेगळी, तिथं जोड शिवायचे नसतात, दुर्बिणीनं माणूस दोनेक दिवस लवकर सावरतो, अन् कॅन्सर काढण्यातही ती कमी पडत नाही असं 2023 च्या अभ्यासात दिसलं. पण तुमच्या बातमीत गाठ डोक्याची होती का शेपटाची, हेच लिहिलेलं नाही.

आम्ही दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, असे किती करता? ते चिडले नाहीत, वर्षाचा आकडा सांगितला, त्यात किती गेले तेही सांगितलं, अन् म्हणाले शेपूट मी दुर्बिणीनं करतो, डोकं ओपन. मोठेबाबा म्हणे, "फाडाचंच हाये तं फाडा, पन घरी पाठवा." महात्मा फुले योजनेत झालं. सोळा दिवस राहिले, ड्रेनच्या नळीतून थोडी गळतीही झाली, पण आले घरी. आता जेवणासोबत पचनाच्या कॅप्सूल घेतात अन् आल्यागेल्याला शर्ट वर करून टाके दाखवतात, मोठीआई ओरडते तरी. एका पेशंटवरून ओपनच चांगलं असं मी म्हणणार नाही, आमचा तो जोड नशिबानंच धरला असेल.

अमेरिकेत 2002 सालीच दिसलं होतं की जिथं ही ऑपरेशनं क्वचित होतात तिथं शंभरात 16 दगावतात अन् जिथं भरपूर होतात तिथं 4 च्या आत. एवढा फरक असताना आपण दोनशे किलोमीटरवरून येऊन विचारतो काय, तर टाके किती पडतील.

योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असते, त्याच्या मागच्या भिंतीवर योजनेचे फोटो असतातच, तिथं एक बोर्ड लावा ना, मागच्या वर्षी व्हिपल किती, दुर्बिणीनं किती, ओपन किती, 90 दिवसांत किती दगावले. सरकार लावेल तेव्हा लावेल. तुम्ही तोवर एवढं करा, अशी बातमी परत छापाल तेव्हा फोन नंबराच्या वर हेच आकडे मागून छापा, अन् हॉस्पिटल देत नसेल तर "आकडे दिले नाहीत" असं छापा.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ