दोन टनांची पाटी

प्रिय बाळ्या,

आमच्याकडे सगळे बरे. आईची साखर आटोक्यात, माझी कंबर गप्प आहे.

परवा आपल्या जुन्या गाळ्यात जे झालं, ते घरी कोणाला कळणार नाही आणि मानकोलीत आता आपल्या वेळचं कोणी उरलं नाही. एका मशीनची लाकडी पेटी ट्रकवरून उतरवायची होती. वजन 1800 किलो, लांबी 1600 मिलिमीटर. तुझ्या पुतण्याने आपल्या फोर्कलिफ्टचे फोर्क, म्हणजे पुढचे दोन लोखंडी सुळे, पेटीखाली घातले, उचललं, आणि गाडीची मागची चाकं जमिनीवरून सुटली. मी धावत जाईपर्यंत दोन हमाल मागे काउंटरवेटवर, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या लोखंडी वजनावर, चढून बसले होते आणि सुपरवायझर म्हणतो, "अजून एक जण चढा रे!"

पेटी परत टेकवली, माणसं उतरवली. साहेब आले. "गाडीच्या पाटीवर 2 टन लिहिलंय, मग अडचण काय?" मी म्हटलं, पाटी पूर्ण वाचा. 2000 किलो, पण वजनाचा मध्य फोर्कच्या मुळापासून 500 मिलिमीटरवर असेल तर. या पेटीचा मध्य 800 वर. ढोबळ हिशेबानेसुद्धा गाडी तिथे दीड टनाच्या आसपासच पेलते. मागे माणसं बसवून चाकं टेकतील, पण मास्टवरचा, म्हणजे फोर्क वर नेणाऱ्या उभ्या खांबांवरचा, आणि साखळ्यांवरचा ताण तेवढाच राहतो. आणि गाडीने हिसका दिला की तीच माणसं चाकाखाली. शेवटी शेजारच्या गाळ्यातली 3 टनांची मागून आणली, तिने पेटी अलगद उतरवली.

ती डिझेलची होती, म्हणून लगेच खूश होऊ नकोस. उघड्या यार्डात, खड्ड्यांत, भिवंडीच्या पावसात डिझेल मला मान्यच आहे. पण बंद गाळ्यात तो धूर दिवसभर माथाड्यांच्या छातीत जातो. बॅटरीच्या गाडीत बॅटरीचं वजनच काउंटरवेटला हातभार लावतं, हे सांगितलं तेव्हा तू माझ्याशी बोलणं टाकलं होतंस. अजूनही माझंच खरं आहे!

खरी काळजी पुढची आहे. साहेबांना रॅक 8 मीटरपर्यंत चढवायचेत, आणि माल आपल्या याच दोन टनांच्या गाडीने वर ठेवायचा म्हणतात. कारण काय, तर एकाच गाडीत सगळं भागतं. अरे, मास्ट जितका वर जातो तितकी गाडीची ताकद कमी होते, आणि लाकडी पॅलेटवर रचलेला माल वर गेला की जरा वाकड्या वळणावर गाडीला आडवी करतो. शिवाय हिला वळायला साडेतीन मीटरच्या वर गल्ली लागते. उंच रॅकसाठीची वेगळी गाडी असते ना, रीच ट्रक, तो फोर्क पुढे सरकवून माल ठेवतो, मागे घेऊन पोटाशी धरतो. पावणेतीन-तीन मीटरच्या गल्लीत काम होतं. खालच्या मालाला हाताने ओढायची हॅण्ड पॅलेट गाडी, ट्रक भरायला-उतरवायला काउंटरबॅलन्स, म्हणजे आपली ही मागे वजन असलेली, आणि रॅकला रीच. हे मी लिहून दिलंय. उत्तर नाही.

आणि त्या दोन टनांच्या गाडीवर आपला पोरगा, तुझा पुतण्या, बसणार. हात चांगला आहे त्याचा, तुझ्यासारखाच मऊ ब्रेक मारतो. पण शिकवलं कोणी नाही, शेजारी उभं राहून शिकलाय. गाडी उलटायला लागली तर काय करशील विचारलं, तर म्हणे, "काका, उडी मारीन." उडी मारणाऱ्याच्याच अंगावर छताचा सांगाडा येतो रे. पट्टा लावायचा, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय घट्ट रोवायचे, पडण्याच्या उलट बाजूला झुकायचं. मी सांगितलं, त्याने मान हलवली. मला ती मान हलवणं आवडलं नाही.

तुझं तो ऐकतो. या सुट्टीला त्याला फोन कर. रागावू नकोस, पण उडीचं त्याच्याकडून दोनदा वदवून घे. आणि दुबईत, जबेल अलीत तुमच्या रीच ट्रकवर उंचीप्रमाणे किती वजन चालतं त्याचा तक्ता असेल ना, त्याचा फोटो पाठव. साहेबांच्या टेबलावर ठेवतो.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटीची बारावी यंदा ना? घराचा गिलावा झाला की कळव. फोटो मात्र सोमवारच्या आत हवा, रॅकवाले त्या दिवशी माप घ्यायला येणार आहेत.

तुझा,
दाम्या