हवालदाराची टिकटिक

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "अजून किती दिवस हवालदारच?" मी हसून विषय बदलला, पण रात्री झोप लागेना. म्हणून लिहायला बसलो. तुमच्यापुढं माझी जीभ चालत नाही. सेटवर चालते, त्याचेच पैसे मिळतात. (तेही नव्वद दिवसांनी. मागच्या मालिकेचे तर अजून यायचेत. आई, भाडं भरलंय, काळजी करू नकोस.)

बाबा, राजा गोसावींचं नाव निघालं की तुमचा आवाज चढतो. आपल्या खटाव तालुक्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीत १९२५ साली जन्मलेला माणूस, मास्टर विनायकांच्या कंपनीत पडेल ते काम करत वर आला. १९५२ मध्ये 'लाखाची गोष्ट' पुण्यात भानुविलासला लागला आणि पडद्यावरचा नायक तिथंच खिडकीत बसून तिकिटं विकत होता. सातारा-वडूज गाडीत हे तुम्ही किती वेळा सांगितलंत! तुम्हाला त्यात 'नायक' दिसायचा. मला कायम ती खिडकीच दिसली, सुट्टे पैसे मोजणारे हात दिसले.

आई, तुझं दुखणं वेगळं : नोकरी सोडायला नको होती. अगं, अशोक सराफांनीही बँक सोडलीच की. १९९५ मध्ये 'हम पांच' सुरू झालं आणि पाच पोरींच्या त्या गांजलेल्या बापापायी तुझ्या किती भाकऱ्या करपल्या! मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण भिंतीवरच्या फोटोतली बायको बोलते तेव्हा ते नुसतं ऐकतात, ते एकदा बघ. नाटकात हशा आला की थांबायचं, एवढं सोपं असतं. शूटिंगला टेक चालू असताना कुणी हसायचंच नाही. घरात बसलेली तू कुठं आणि किती वेळ हसशील, हे अंदाजानं धरून तेवढी जागा सोडायची. कमी सोडली तर पुढचं वाक्य तुझ्या हसण्यात बुडतं, जास्त सोडली तर मी वाक्य विसरलो असं वाटतं. बाबा, बारा तासांच्या शिफ्टमध्ये मी हेच करतो. वर्दी कुठली का असेना.

आता एक कबुली. तो हवालदार जबाब घेताना टेबलावर पेन टकटकवतो ना? टिक-टिक, जरा थांबून टिक. ती तुमची आहे, बाबा. गाडीत गर्दी झाली की तुम्ही दांड्यावर तिकिटांचा पंच वाजवायचात आणि मान न वळवता म्हणायचात, "मागचं गाव पुढं घ्या." लोक हसत हसत सरकायचे. दिग्दर्शकानं विचारलं, "हे कुठून आणलंस?" मी म्हटलं, सुचलं. खोटं बोललो. आणि तो भाग बघून तुम्हीच फोन केलात, "ते टेबलावरचं मात्र झकास हं!"

पुढच्या महिन्यात वाईला तीन दिवस शूटिंग आहे. मेणवलीच्या घाटावरचा एक सीन आहे, तिथून रात्री घरी येईन. आई, पिठलं-भाकरीच कर. आणि बाबा, तो जुना पंच फडताळात असेल तर काढून ठेवा. पेनाला तो आवाज येत नाही.

तुमचा,
बाळू